झूलनची शेवटची दहा षटकं

(सामुदायिक रेडिओवरील 'आपली गोष्ट' या कार्यक्रमात गुरुवार, २२ सप्टेंबर २०२२ रोजी दिलेलं भाषण)

  

सोमवारी घटस्थापना आहे. त्यामुळे घराघरात आज काय चाललंय ते मला इथं बसूनही दिसतंय. वाकळा, चादरी, सतरंज्या, सगळं बाहेर निघालंय. निम्म्या जणी तर धुणं वाळत घालता घालताच ऐकत असाल. हात भरून आले असतील. म्हणून आज मी नोंदवहीचा, कर्जफेडीचा, बँकेच्या खात्याचा विषय काढत नाही. दर वेळी तेच बोलते, आज माझं स्वतःचं काहीतरी सांगते. पण ऐकता ऐकता शेवटी गटाचाच विषय निघेल, हे आधीच सांगून ठेवते.

परवा शनिवारी, म्हणजे २४ सप्टेंबरला, इंग्लंडमध्ये लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर आपल्या मुलींचा इंग्लंडबरोबर एक दिवसाचा सामना आहे. आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होईल. मालिका आपण जिंकलेलीच आहे. पहिल्या सामन्यात आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनानं ९१ धावा केल्या. काल दुसऱ्या सामन्यात हरमनप्रीतनं नाबाद १४३ केल्या. तेव्हा शनिवारी हरलं काय नि जिंकलं काय, मालिकेला फरक पडत नाही. तरी मला दोन दिवस झोप लागेना झालीय. कारण तो झूलन गोस्वामीचा शेवटचा सामना आहे.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. झूलन बंगालची. नदिया जिल्ह्यात चाकदह नावाचं गाव आहे, तिथली. उंची पाच फूट अकरा इंच. आपल्या संघातली वेगवान गोलंदाज. जानेवारी २००२ मध्ये भारताकडून पहिला सामना खेळली, म्हणजे वीस वर्षं झाली. दोनशेच्या वर एक दिवसाचे सामने आणि त्यात अडीचशेच्या वर बळी. जगात कुठल्याही बाईनं या प्रकारात इतके बळी घेतलेले नाहीत. २०१० साली अर्जुन पुरस्कार, २०१२ साली पद्मश्री. येत्या नोव्हेंबरात तिला चाळिसावं पूर्ण होईल.

आता माझा आणि तिचा काय संबंध, ते सांगते.

आमच्या माहेरी गावाबाहेर देवळामागं एक पडीक रान होतं. पोरं तिथं क्रिकेट खेळायची. माझा थोरला भाऊ खेळायचा, आणि चेंडू आणून द्यायला मला न्यायचा. चेंडू आणून देता देता कधीतरी मी लांबूनच जोरात फेकला आणि तो थेट दांडीवर बसला. त्या दिवसापासून मला गोलंदाजी मिळाली. फलंदाजी नाही. फलंदाजी पोरं देत नव्हती, कारण सगळ्यांना फलंदाजीच हवी असते. पळून पळून दमायचं काम कुणाला नको असतं, ते मला मिळालं. पण मला ते आवडायचं. पळत यायचं, उडी मारायची, हात कानाजवळून खाली आणायचा, आणि मग एक क्षण असा असतो की चेंडू हातातून सुटलेला असतो आणि आपण काहीच करू शकत नाही, फक्त बघायचं. तो क्षण मला फार आवडायचा.

भावाकडं सचिनच्या, द्रविडच्या, धोनीच्या फोटोंची एक जाडजूड वही होती. गावातल्या सलूनमधून जुने पेपर आणायचा आणि कात्रणं चिकटवायचा. २००६ सालची गोष्ट. मी तेव्हा दहावीत होते. त्याच्या कापलेल्या पेपरातलं उरलेलं पान मी दप्तराला घालायला घेतलं, तर खाली एका कोपऱ्यात लहानशी बातमी होती. भारतीय महिला संघानं इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली. टाँटनच्या सामन्यात झूलन गोस्वामीनं दोन्ही डावांत पाच-पाच, असे दहा बळी घेतले. बरोबर आगपेटीएवढा फोटो. हात वर गेलेला, एक पाय हवेत.

मैत्रिणींनो, तोवर मला माहीतच नव्हतं की बायकांचाही भारतीय संघ असतो. मला वाटायचं देवळामागच्या रानात गोलंदाजी करणारी मी एकटीच. त्या आगपेटीएवढ्या फोटोनं मला सांगितलं की तू एकटी नाहीस.

ते कात्रण मी कापलं आणि माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून खळीनं चिकटवलं. लग्न झालं तेव्हा ती ट्रंक माझ्याबरोबर सासरी आली. कात्रण आता पिवळं पडलंय, एक कोपरा झुरळानं खाल्लाय, पण आहे. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "ही कोण गं? तुझी बहीण का?" मी म्हटलं, "लांबची आहे." त्या हसल्या. पुढं त्यांनी कधी काढून टाक म्हटलं नाही.

आता एक प्रश्न तुम्हाला विचारते. तुम्हीही लहानपणी काहीतरी खेळला असाल. लंगडी, खो-खो, कबड्डी, विटीदांडू, काचापाणी. तुमचा शेवटचा डाव कोणता होता, आठवतंय?

मला नाही आठवत. मी शेवटचा चेंडू कधी टाकला, कुणाला टाकला, बाद केलं का चौकार खाल्ला, काही आठवत नाही. कारण तो शेवटचा आहे हे मला माहीतच नव्हतं. मला कुणी मारलं नाही, कोंडलं नाही. दहावीची परीक्षा झाली, आज्जी एकदा म्हणाली, "आता पुरं की रानात धावणं." मग एके दिवशी पाणी भरायचं होतं म्हणून गेले नाही. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले म्हणून गेले नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ बोलवायलाच आला नाही. संपलं. आपल्यातल्या बहुतेक जणींचं असंच संपतं. भांडण न होता, निरोप न घेता.

म्हणून शनिवारच्या सामन्याचं मला एवढं वाटतंय. एका बाईच्या खेळाला शेवटची तारीख मिळालीय, मैदान मिळालंय, वेळ ठरलीय. हे साधं नाही. तिच्याबरोबरची मिताली राज तेवीस वर्षं खेळली. १९९९ मध्ये पहिल्याच सामन्यात शतक ठोकलं होतं तिनं. तिनं या जूनमध्ये निवृत्ती जाहीर केली ती नुसतं निवेदन काढून. निरोपाचा सामना नाही, काही नाही. झूलनचंही तसंच होतं की काय अशी मला मार्चमध्ये भीती वाटली होती.

मार्चमध्ये न्यूझीलंडला विश्वचषक होता. झूलननं त्यात विश्वचषकातल्या सर्वाधिक बळींचा विक्रम केला. पण साखळीतला शेवटचा सामना, दक्षिण आफ्रिकेबरोबरचा, जो जिंकला तरच आपण उपांत्य फेरीत जाणार होतो, नेमका त्याच दिवशी ती दुखापतीमुळं बाहेर बसलेली. मी पहाटेपासून मोबाईलसमोर. सामना अगदी शेवटच्या चेंडूपर्यंत गेला आणि आपण हरलो. शेवटच्या षटकात कॅमेरा तिच्यावर गेला की माझ्या पोटात कालवायचं. वाटायचं, हिला आत्ता चेंडू द्या कुणीतरी. एवढी वर्षं पळाली आणि शेवटचा सामना खुर्चीवर बसून बघायचा, हा कसला शेवट?

खरं सांगायचं तर गेली काही वर्षं तिला बघताना मला त्रासही व्हायचा. वेग कमी झालेला दिसत होता. २०१८ मध्ये तिनं वीस षटकांचा खेळ सोडला. गुडघा, कंबर, खांदा, काही ना काही दुखत असायचं. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. दर चेंडूला. वीस वर्षं. लोक म्हणायचे, आता हिला थांबवा, नव्या पोरींना घ्या. मला राग यायचा. जणू मलाच कुणी उठ म्हणतंय.

हा राग कशाचा, त्याचा मी विचार केला. ती माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी. ती पळत होती तोवर मला वाटायचं की देवळामागचं ते रान अजून शिल्लक आहे. त्या रानात आता प्लॉट पडलेत, भाऊ पुण्याला कंपनीत आहे, त्याच्या फोटोंची वही रद्दीत गेली. सचिन थांबला, द्रविड थांबला, धोनी थांबला. पण माझी झूलन रोज पळत होती. आपण ज्याला लहानपणी मनात धरतो त्याचं असंच असतं. तो खेळतो तोवर आपलं लहानपण कुठंतरी चालू राहतं. शनिवारी ते बंद होणार. एकतीस वर्षांच्या बाईनं, पदरात दोन पोरं असताना, यासाठी डोळ्यांतून पाणी काढावं का? काढलं, त्याला काय करायचं?

आमच्या एका गटात एक अक्का आहेत. साठी ओलांडलेल्या. गट काढला तेव्हापासून अध्यक्ष. मी त्यांना हे सांगत होते की अक्का, झूलन निवृत्त होतीय, मला फार वाईट वाटतंय. त्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाईट कशाचं वाटून घेतीस? तिला रिटायर तरी व्हायला मिळालं. आपल्याला कुठं असतंय ते? मी चाळीस वर्षं भाकरी थापतीय, मला कुणी म्हटलं का, अक्का, उद्यापास्नं तुमी रिटायर?"

मी हसले, पण घरी जाताना गाडीवर तेच डोक्यात. अक्का बरोबर बोलल्या. निवृत्ती कुणाला मिळते? ज्याचं काम हे काम म्हणून मोजलेलं असतं त्याला. किती षटकं, किती बळी, किती वर्षं, सगळं लिहिलेलं असतं, म्हणून शेवटचा दिवसही लिहिता येतो. आपण गटात नोंदवही का ठेवतो? पैसा न् पैसा लिहायला, हो. पण आपण काय केलं हे कुठंतरी लिहिलेलं राहावं, यासाठीही ठेवतो. बघा, म्हटलं होतं ना, गटाचा विषय निघेल.

बायकांच्या क्रिकेटचंही फार दिवस न मोजल्यासारखंच होतं. १९७३ साली देशातली पहिली महिला क्रिकेट स्पर्धा झाली ती आपल्या पुण्यात. तीनच संघ होते. तिथून २००६ पर्यंत बायकांचं क्रिकेट वेगळी संघटना चालवत होती, आणि तिच्याकडं पैसा नव्हता. रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास, वसतिगृहात मुक्काम. पुण्याची शुभांगी कुलकर्णी, मुंबईची डायना एदलजी, या सगळ्या त्या काळात खेळल्या. २००६ मध्ये बीसीसीआयनं महिला क्रिकेट हातात घेतलं. खेळाडूंना वर्षाचा करार मिळायला मात्र २०१५ उजाडलं. म्हणजे झूलन तेरा वर्षं खेळून झाल्यावर. २००७ मध्ये ती जगातली त्या वर्षाची सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरली होती, तेव्हाही करार नव्हता.

आता झूलनच्या लहानपणाची गोष्ट ऐका. पोरींनो, ही तुमच्यासाठी.

चाकदहमध्ये तीही पोरांत खेळायची. आधी चेंडू आणून द्यायचंच काम. कोलकात्याला विवेकानंद पार्कवर सराव असायचा. पहाटे उठून लोकल पकडायची, सराव करायचा, परत येऊन शाळा. गावाच्या नावावरून तिला पुढं 'चकदा एक्स्प्रेस' म्हणायला लागले. १९९७ साली डिसेंबरात महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना कोलकात्याला ईडन गार्डन्सवर होता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. त्या सामन्यात सीमारेषेवर चेंडू आणून द्यायला काही मुली ठेवल्या होत्या. त्यातली एक झूलन, पंधरा वर्षांची. तिथं तिनं ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क बघितली, आणि ठरवलं की आपणही खेळायचं.

म्हणजे जिला मी मनात धरलं, तिनंही कुणाला तरी मनात धरलं होतं. तीही सीमारेषेबाहेर उभी होती, मीही होते. फरक काय पडला? ती तिथून चार वर्षांत आत आली. मी आले नाही. मी काही झूलन होणार होते असं म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं होईल. माझा चेंडू किती वेगानं जायचा ते देवळामागच्या पोरांनाच ठाऊक. पण मला बघायला तरी मिळायला हवं होतं की मी कुठवर जाते. पहाटेच्या लोकलचं तिकीट कुणीतरी काढायला हवं होतं.

या मालिकेत झूलनच्या जोडीनं रेणुका सिंग नावाची मुलगी नवा चेंडू टाकतीय. हिमाचलच्या डोंगरातल्या गावची. लहानपणीच वडील गेले. वडील क्रिकेटवेडे होते, आपल्या विनोद कांबळीचे इतके चाहते की मुलाचं नाव विनोद ठेवलं. आई नोकरी करून घर चालवत होती. त्या आईनं मुलीला खेळायला सोडलं. काल दुसऱ्या सामन्यात रेणुकानं चार बळी घेतले. झूलन जाईल तेव्हा जागा रिकामी राहणार नाही, ती रेणुकाकडं जाईल. मला वाईट वाटतंय ते खरं, पण तिला नसेल वाटत. चेंडू कुणाच्या तरी हातात देऊन जाता येणं यासारखं समाधान नाही. अक्कांनाही मी हेच सांगणार आहे की नोंदवही घेणारी एक पोरगी तयार करा, मग बघा कसं हलकं वाटतंय.

आता जे सांगायला आज मी इथं आले ते सांगते. अवघड आहे, पण सांगते.

मी ज्या गटांचं काम बघते त्यातल्या एका गटातल्या ताईंनी मागच्या महिन्याच्या बैठकीत अंतर्गत कर्ज मागितलं. चार हजार रुपये. कारण विचारलं. मुलगी आठवीत आहे, वेगानं चेंडू टाकते, जिल्ह्याच्या ठिकाणी निवड चाचणी आहे. बूट घ्यायचेत, आणि दोनदा जाण्यायेण्याचा खर्च. ताईंना विचारून, नाव न घेता, हे सांगतेय.

बैठकीत हशा पिकला. वाईट हेतूनं नाही, आपण हसतो तसंच. एक जण म्हणाल्या, "बुटाला कर्ज? आणि परत कशानं फेडणार, चेंडूनं?" दुसऱ्या म्हणाल्या, "पोरगी उद्या लग्नाला आली की बूट काय कामाचे?" ताई खाली बघत बसल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "गटाचा निर्णय गटानं घ्यायचा." आणि पुढच्या विषयावर गेले.

नियमानं ते बरोबरच होतं. समन्वयकानं निर्णय लादायचा नसतो. पण नियम आणि पळवाट यातला फरक ज्याचा त्याला कळतो. त्याच गटानं त्याच्या आधीच्या महिन्यात एका साखरपुड्याला दहा हजार दिले होते. तेव्हा कुणी हसलं नाही, मीही काही बोलले नाही. साखरपुड्याला देऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण दोन्ही खर्च मुलीवरचेच, मग एकाला मान डोलवायची आणि दुसऱ्याला हसायचं, हे कसं? हे विचारणं माझं काम होतं. कर्जाचं कारण, फेडायची ऐपत, आधीच्या हप्त्यांची नियमितता, या तीन गोष्टी बघायच्या असतात. त्या ताईंचा तीन वर्षांत एक हप्ता चुकलेला नाही. नोंदवही माझ्या मांडीवर उघडी होती. मी एवढं जरी वाचून दाखवलं असतं तरी निर्णय वेगळा झाला असता. किंवा नसता झाला, पण निदान हसून तरी झाला नसता.

घरी गेले, काहीतरी काढायला ट्रंक उघडली, आणि झाकणावर ती. हात वर, एक पाय हवेत. मला वर बघवेना. सोळा वर्षं मी हिला चिकटवून ठेवलंय, आणि जेव्हा एका पोरीच्या पायातल्या बुटाचा प्रश्न आला तेव्हा मी नियमाच्या मागं लपले. माझी आज्जी तरी समोर बोलली होती, "आता पुरं." मी तेवढंही बोलले नाही, नुसती गप्प बसले. मुलींचा खेळ बंद पडायला तेवढं पुरतं.

मग मी त्या मुलीला बघायला गेले. शाळेमागच्या माळावर. पायात कापडी बूट, अंगठ्याजवळ फाटलेले, नख काळंनिळं झालेलं. मगाशी सांगितलं तसं, गोलंदाजाचा पुढचा पाय कसा आदळतो ते आठवा, आणि तो अशा बुटात. तिनं मला सहा चेंडू टाकून दाखवले. चांगली आहे का? मला पारख नाही, मी प्रशिक्षक नाही. पण चेंडू सुटल्यावर ती तशीच बघत उभी राहते. तो क्षण मला ओळखू आला.

मी तिला विचारलं, "तुला कोण आवडतं?" तिनं पटकन सांगितलं, "रेणुका." मी म्हटलं, "आणि झूलन?" ती म्हणाली, "त्या तर मोठ्या आहेत. माझ्या मम्मीच्या वयाच्या." मला क्षणभर लागलं. मग बरंही वाटलं. तिच्यासाठी बायकांचा संघ असणं ही नवलाची गोष्टच नाही. तिला कुठं पेपराचा कोपरा शोधावा लागत नाही. झूलनच्या वीस वर्षांनी हे झालंय.

तर मैत्रिणींनो, शनिवारी साडेतीनला सामना सुरू होईल आणि चार वाजता त्याच गटाची बैठक आहे. योगायोग म्हणा. मला दोघा-तिघींनी सुचवलं, ताई, बैठक रविवारी ठेवूया, तुम्हाला सामना बघता येईल. पण रविवारी सर्वपित्री अमावस्या, सोमवारी घट. आणि मुख्य म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी बैठक, हा आपला पहिला नियम, मीच तुम्हाला शिकवलेला. बैठक शनिवारी चारलाच होईल.

त्या बैठकीत मी त्या चार हजारांचा विषय पुन्हा काढायला सांगणार आहे. निर्णय गटच घेईल. पण या वेळी मी नोंदवही वाचून दाखवणार आहे. आणि गट नाही म्हणाला तर कारण ठरावात लिहायला लावणार आहे, म्हणजे दहा वर्षांनी ती पोरगी विचारायला आली तर आपल्याकडं उत्तर असेल. मी माझ्या पदरचे चार हजार देऊ शकले असते. मनात आलंही होतं. पण ते ताईंना नको आहे आणि मलाही. एका ताईनं गुपचूप दिलेली मदत आणि वीस बायकांनी हात वर करून मंजूर केलेलं कर्ज यात फार फरक आहे. दुसऱ्यात त्या पोरीच्या मागं वीस घरं उभी राहतात.

सामन्याचं म्हणाल तर सगळं टॉसवर आहे. आपण पहिली गोलंदाजी केली तर झूलनची सुरुवातीची षटकं मला चुकतील, फोन पिशवीत राहील. आपली फलंदाजी पहिली आली तर बैठक संपवून, अक्कांच्या घरचा चहा घेऊन, संध्याकाळी मला तिची पूर्ण दहा षटकं मिळतील. देवाकडं तेवढंच मागतेय. तिला विश्वचषक मिळाला नाही. २००५ ला अंतिम सामना हरलो. २०१७ ला याच लॉर्ड्सवर तिनं दहा षटकांत २३ धावा देऊन तीन बळी घेतले, आणि तरी आपण नऊ धावांनी हरलो. त्या रविवारी माझ्या तव्यावर भाकरी करपली होती, ती अजून आठवते. ते राहिलं ते राहिलंच. पण त्याच मैदानावर निरोप मिळतोय, हेही कमी नाही.

तुमच्या घरात टीव्ही असेल, मोबाईल असेल, तर शनिवारी थोडा वेळ लावा. धुणं वाळत घालता घालता बघा. घरातल्या पोरीला शेजारी बसवा. तिला सांगा, ही बाई एकदा मैदानाबाहेर उभी राहून चेंडू आणून देत होती.

आणि आज रात्री कामं आवरली की एवढंच आठवून बघा, तुमचा शेवटचा डाव कोणता होता. आठवला तर आपल्या रेडिओच्या पत्त्यावर लिहून पाठवा, मी पुढच्या महिन्यात वाचून दाखवीन. नाही आठवला तर घरातल्या पोरीचा डाव अजून चालू आहे का, ते तेवढं बघा.

बैठकीत काय झालं ते पुढच्या वेळी सांगते. नवरात्राच्या सगळ्यांना शुभेच्छा. नमस्कार.